छऱ्याची बंदूक, २० ज्यूलची रेष आणि लेथचा तासाचा दर



एअर रायफलच्या वर्कशॉपवरचा व्हिडिओ तुम्ही बघितला असेल. त्यात हिशोब घाईत उरकला आणि कायद्याचा भाग तर दीड मिनिटात संपवला. ज्याला खरंच या लाइनमध्ये उतरायचंय त्याला तेवढं पुरत नाही. म्हणून हा लेख. जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक कबुली देतो, कारण हा सगळा धडा माझ्याच चुकीतून निघालाय.

आमच्या हिंगोलीच्या बॅचला कळमनुरी तालुक्यातला एक पोरगा होता. आयटीआय टर्नर. चाकणला चार वर्षं कंपनीत मशीनवर काढली, मग वडील आजारी पडले म्हणून गावाकडं आला. जुना लेथ घेतला, एक ड्रिल मशीन, एक वेल्डिंग सेट. मोटारीचे शाफ्ट, नांगराचे पार्ट, हळद पॉलिश करायच्या ड्रमची बेअरिंगं, असली कामं चालायची. एकदा कुणीतरी जुनी छऱ्याची बंदूक घेऊन आलं. स्प्रिंग बसलेली, वॉशर फाटलेला. यानं तो वॉशर लेथवर करून दिला आणि बंदूक नव्यासारखी चालायला लागली. झालं, बोभाटा झाला. महिन्याभरात सात-आठ बंदुका दारात.

मग मागणी बदलली. तो बॅचमध्ये उठून म्हणाला, "सर, लोक म्हणतेत दुरुस्ती नको, नवीनच बनव. जास्त पावरची. एवढ्यानं डुक्कर हलत बी नाही."

आणि मी काय सांगितलं? "गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात उभं असताना नाही म्हणायचं नसतं. अॅडव्हान्स घे, ऑर्डर लिहून घे, डिलिव्हरीची तारीख दे." बीबीएच्या पुस्तकातलं बरोबर उत्तर. वस्तू काय आहे हे विचारायचं मात्र मी विसरलो. त्यानं तिघांकडून ५,००० प्रमाणे १५,००० रुपये घेतले आणि माल आणायला सुरुवात केली. पंधरा दिवसांनी त्यानं मला वहीत काढलेल्या नळीचा फोटो पाठवला. भोक साडेचार मिलीमीटरपेक्षा बरंच मोठं होतं. मी तो फोटो ओळखीच्या एका वकिलांना दाखवला. ते म्हणाले, "त्या पोराला फोन लाव आणि सांग, मशीन बंद कर. आत्ता."

ती रेष कुठे आहे

आपल्याकडं बहुतेकांचा समज असा, की छऱ्याच्या बंदुकीला लायसन लागत नाही. अर्धं खरं आहे, आणि हे अर्धं खरंच माणसाला अडकवतं.

शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे, आणि सध्याचे नियम २०१६ चे. या नियमांत हवेवर चालणाऱ्या शस्त्रांसाठी दोन मापं दिलीत. पहिलं, नळीचा व्यास ४.५ मिलीमीटर, म्हणजे ज्याला दुकानात .१७७ म्हणतात तो. दुसरं, छर्रा नळीतून बाहेर पडताना त्यात असलेली ऊर्जा २० ज्यूल. या दोन्हींपैकी एक जरी माप ओलांडलं तरी ती वस्तू परवान्याच्या गटात जाते. दोन्ही ओलांडायला लागत नाहीत, हे नीट लक्षात घ्या. नळी साडेपाच मिलीमीटरची आणि जोर अगदी कमी, तरी परवाना. नळी साडेचारची पण जोर २० च्या वर, तरी परवाना.

आणि परवाना म्हणजे गिऱ्हाईकाचा परवाना एवढंच नाही. कायद्याचं कलम ५ बघा. त्यात बनवणं आहे, विकणं आहे, दुरुस्त करणं आहे, चाचणी घेणं आहे, आणि एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलणंही आहे. म्हणजे तुम्ही नवीन रायफल बनवली नाही, फक्त साधी बंदूक घेऊन तिची 'पावर वाढवून दिली' आणि ती रेषेच्या पलीकडं गेली, तरी तुम्ही कलम ५ मध्ये बसलात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बनवण्याची किंवा बदलण्याची शिक्षा किमान सात वर्षं आहे, आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. पाच हजाराच्या अॅडव्हान्ससाठी.

रेषेपलीकडं कायदेशीर धंदा करता येत नाही असं नाही. पण तो उत्पादनाचा परवाना केंद्राच्या गृह मंत्रालयापर्यंत जाणारं प्रकरण आहे. जागा, सुरक्षा, नोंदी, चाचणी, सगळं त्यात येतं. एका लेथवर आणि एका हेल्परवर ते होत नाही, आणि तसं होईल असं कुणी क्लासमध्ये सांगत असेल तर त्याची फी परत मागा.

रेषेच्या आत राहायचं असेल तरी माझा सल्ला एकच. आधी जिल्हादंडाधिकारी कार्यालयाला, म्हणजे कलेक्टर ऑफिसला, लेखी अर्ज द्या. त्यात चार प्रश्न साध्या मराठीत लिहा: मला ४.५ मिलीमीटरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलची दुरुस्ती करायची आहे, काय लागेल? सुटे भाग बनवायचे आहेत, काय लागेल? पूर्ण रायफल बनवायची आहे, काय लागेल? विकायची आहे, काय लागेल? चारही प्रश्न वेगवेगळे ठेवा, एकात मिसळू नका. अर्जाची पोच घ्या. उत्तर हातात येईपर्यंत रायफलला हात लावू नका. "आमच्या ओळखीचा अमुक करतोच की" हे उत्तर नाही.

डुकराचा प्रश्न

हा विषय टाळून चालणार नाही, कारण आपल्या भागात 'जास्त पावर'ची मागणी येते ती रानडुकरं आणि रोह्यांमुळं. हरभऱ्यात रात्रीत रोही शिरले की सकाळी काय उरतं ते ज्याचं रान आहे त्यालाच माहीत. त्या शेतकऱ्याचा राग खोटा नाही.

पण त्याला बंदूक देणं हा त्याच्यावर उपकार नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली शिकार हा गुन्हा आहे. त्यात विनापरवाना शस्त्राची भर पडली की दोन कायद्यांखाली दोन गुन्हे, आणि चौकशीत पहिला प्रश्न येतो, "ही कुणी बनवून दिली?" वर, हवेच्या बंदुकीनं एवढं मोठं जनावर मरत नाही, जखमी होतं, आणि जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी खुरपणाऱ्या बाईवर जातं. असलं गिऱ्हाईक आलं तर त्याला पिकाच्या नुकसानीचा वनविभागाकडं करायचा भरपाईचा अर्ज दाखवा. पंचनामा कसा करून घ्यायचा ते सांगा. पैसे मिळायला वेळ लागतो हे मलाही माहीत आहे. तरी तेच सांगा.

पावर नेमकी कुणाला पाहिजे?

आता धंद्याचं बघू. 'हाय पावर' हा शब्द यूट्यूबवरून आलाय. अमेरिकेतले हौशी लोक घरच्या वर्कशॉपमध्ये मोठ्या कॅलिबरच्या रायफली करतात, त्याचे व्हिडिओ आपण मोबाइलवर बघतो. तिथला कायदा वेगळा. पण सगळं परदेश तसं नाही. जर्मनीत विनापरवाना एअर गनची मर्यादा ७.५ ज्यूल आहे, आपल्या निम्म्याहूनही कमी. इंग्लंडमध्ये एअर रायफलला साधारण १६ ज्यूल. आणि गंमत म्हणजे जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या एअर रायफली याच दोन देशांतून येतात. वॉल्थर, फाइनवर्कबाऊ, आन्शुट्झ, वाइहराऊख ही सगळी जर्मन नावं. मर्यादा कमी असलेल्या देशानं जग जिंकलं, कारण त्यांनी स्पर्धा जोरावर केलीच नाही.

स्पर्धेतल्या रायफलचं गणित करून बघा. १० मीटर एअर रायफलमध्ये छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, म्हणजे ०.५३ ग्रॅम धरा. वेग सेकंदाला १७५ मीटर. ऊर्जा म्हणजे वस्तुमानाचा निम्मा गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर येतं जवळपास ८ ज्यूल. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलनं २०२२ मध्ये कैरोला जागतिक विजेतेपद मिळवलं ते याच प्रकारात, आणि अभिनव बिंद्राचं २००८ चं बीजिंगचं सुवर्णही याच प्रकारातलं. म्हणजे जगज्जेत्याच्या हातात जी रायफल असते तिचा जोर आपल्या २० ज्यूलच्या निम्म्याच्याही आत असतो. (स्वप्निल कुसाळेचं २०२४ चं पॅरिसचं कांस्य ५० मीटरचं आहे. ती रायफल दारूगोळ्याची, फायरआर्म. ती आपल्या विषयात येत नाही, पण पालक विचारतात म्हणून सांगितलं.)

मग त्या रायफलला अडीच-तीन लाख का मोजतात? लक्ष्य बघा. १० मीटरवरच्या कागदात दहा गुणांचा जो मधला ठिपका असतो त्याचा व्यास अर्धा मिलीमीटर. पेन्सिलीनं टेकवलेल्या टिंबाएवढा. तिथं पुन्हा पुन्हा, साठ वेळा, छर्रा जायला पाहिजे. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते या 'पुन्हा पुन्हा'साठी.

आणि स्प्रिंगच्या बंदुकीत तर जोर वाढवला की हेच बिघडतं. चाप ओढल्यावर आत जड पिस्टन पुढं धावतो, आपटतो, आणि हे सगळं छर्रा नळीत असतानाच होतं. स्प्रिंग जितकी ताठ, तितका हिसका जास्त, आणि निशाण तितकं हललेलं. फाइनवर्कबाऊची गोष्ट इथं सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत शस्त्र बनवायला बंदी आली. माउझर कारखान्यातले दोन इंजिनिअर, वेस्टिंगर आणि आल्टेनबुर्गर, यांनी ओबर्नडॉर्फ गावात वेगळी कंपनी काढली. नावाचा अर्थच 'बारीक काम'. सुरुवातीला रायफल नव्हतीच, मोजणी यंत्रांसारखी बारीक जॉबवर्कची कामं होती. १९६१ मध्ये त्यांचं मॉडेल १५० आलं, आणि त्याची खुबी जोर ही नव्हती. रायफलचा वरचा भाग एका रुळावर मागं सरकायचा आणि हिसका खांद्यापर्यंत पोचायचाच नाही. लोकांनी ती घेतली ती त्यासाठी.

आपल्याकडचं उदाहरण अंबरनाथचं. प्रिसिहोल. त्यांचा मूळ धंदा खोल भोकं पाडायची आणि नळीला आतून आटे पाडायची मशीनं बनवण्याचा. लांब, सरळ, आतून गुळगुळीत भोक हाच कुठल्याही नळीचा जीव असतो, आणि ते काम त्यांच्या हातात आधीपासून होतं. एअर रायफल नंतर आली. आज देशातल्या क्लबांत त्यांच्या रायफली दिसतात. त्याहून जुनं नाव इंडियन ह्यूम पाइपचं. वालचंद हिराचंदांनी १९२६ मध्ये सुरू केलेली ही सिमेंटच्या पाइपांची कंपनी, पण जुन्या पिढीला 'आयएचपी' म्हटलं की छऱ्याची बंदूक आठवते. दोन्हीकडं आधी कारखाना उभा होता, कौशल्य होतं, मग बंदूक.

म्हणून कुणी मला म्हणालं, "सर, लेथ घेतो आणि रायफलपासून सुरुवात करतो," तर मी विचारतो, नळी कुठून आणणार? साध्या लेथवर दीड फूट खोल, सरळ भोक पाडून त्यात आटे काढणं होत नाही. नळी विकतच आणावी लागते. मग तुमचं त्यात काय उरलं, हा पुढचा प्रश्न.

पीसीपीबद्दल दोन शब्द

आजकाल सगळ्यांना पीसीपी पाहिजे, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी. हिसका नाही, म्हणून स्पर्धेतल्या रायफली हल्ली याच प्रकारच्या. पण हे घरगुती वर्कशॉपचं काम नाही, असं माझं ठाम मत आहे.

घरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा आत साधारण १ बारचा जादा दाब असतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार. पीसीपीच्या नळकांड्यात २०० बार. आता हिशोब करा. नळकांड्याचा आतला व्यास २५ मिलीमीटर असेल तर टोपणाचं क्षेत्रफळ होतं जवळपास ४.९ चौरस सेंटीमीटर, आणि २०० बारला त्या एवढ्याशा टोपणावर एक टनाचा रेटा येतो. एक टन. ते धरून ठेवतात फक्त आटे. भंगारातून आणलेल्या, कुठल्या ग्रेडचा आहे ते माहीत नसलेल्या पाइपात ही हवा भरायची, आणि मग ते तोंडाजवळ धरून निशाण साधायचं. रायफलवरचं नळकांडं छोटं असतं, पण ते ज्या मोठ्या सिलिंडरमधून भरतात तो ५०० मिलीलीटरच्या वर गेला की गॅस सिलिंडर नियम २०१६ लागू होतात. तो विभाग म्हणजे पेसो, त्याचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. सिलिंडर घ्यायचा तर मान्यताप्राप्त घ्या, तारखेला त्याची चाचणी करून घ्या. बनवू नका.

आता तासाचा दर

हा भाग कुठल्याही वर्कशॉपला लागू आहे, म्हणून ज्यांना बंदुकीत रस नाही त्यांनीही वाचा.

त्या पोराला मी विचारलं, "एक रायफल किती वेळात होईल?" म्हणाला, "पहिली असल्यानं चाळीसेक तास." "आणि तुझा तास कितीला पडतो?" गप्प. आपल्याकडच्या दहापैकी नऊ वर्कशॉपवाल्यांचं उत्तर हेच असतं, गप्प.

काढायला सोपं आहे. समजा महिन्याचं गाळ्याचं भाडं ८,०००, लाइट बिल ७,०००, मशीनचा हप्ता १४,०००, हेल्पर १५,००० आणि तुमचा स्वतःचा पगार १६,०००. हो, स्वतःचा पगार धरायचाच. घरच्याच दुकानात फुकट राबणं म्हणजे बचत नाही, ते नुकसान फक्त दिसत नाही. एकूण ६०,०००. महिन्याचे २५ दिवस, दिवसाचे ८ तास, म्हणजे २०० तास. पण यातले सगळे तास विकले जात नाहीत. लाइट जाते, माल आणायला हिंगोलीला जायचं असतं, गिऱ्हाईक गप्पा मारत बसतं. विकले जाणारे तास १२० धरा. ६०,००० भागिले १२०. तासाला ५०० रुपये. हा नफा नाही, फक्त जागेवर उभं राहायचा खर्च.

आता त्याची रायफल. ४० तास गुणिले ५०० म्हणजे २०,०००. विकतची नळी, लाकूड, पोलाद, सील मिळून ९,००० धरा. झाले २९,०००, नफ्याशिवाय आणि परवान्याचा खर्च न धरता. गिऱ्हाईकाशी त्यानं ठरवलं होतं १२,०००. म्हणजे कायदा बाजूला ठेवला तरी प्रत्येक रायफलमागं १७,००० चा खड्डा. 'कस्टम' या शब्दाला लोक भुलतात. कस्टम म्हणजे प्रत्येक वेळी पहिलाच नग, आणि पहिला नग नेहमी महाग पडतो. जो गिऱ्हाईक त्याची किंमत द्यायला तयार आहे त्यालाच कस्टम विका, बाकीच्यांना एकसारखा माल.

तिघांचे अॅडव्हान्स परत करायचे ठरले. त्यातले ६,२०० मालात गेले होते. ते मी भरले. सल्ला माझा होता. मशीन बंद करताना तो रागावला होता, पैसे परत करताना जास्तच. एक गिऱ्हाईक त्याला चारचौघांत म्हणालं, "जमत नव्हतं तर घेतले कशाला?" त्याला उत्तर देता आलं नाही. माझ्याकडंही नव्हतं.

मग करायचं काय

वही काढली आणि एक साधा प्रश्न लिहिला. छऱ्याच्या बंदुकीच्या आजूबाजूला पैसे कोण खर्च करतं?

पहिला, जत्रेतला फुगेवाला. हिंगोलीचा दसरा, औंढ्याची महाशिवरात्र, माळेगावची यात्रा. फुगे फोडायची बंदूक सगळीकडं आहे. एकेका बंदुकीतून दिवसाला शेकड्यानं छर्रे जातात, वॉशर फाटतात, स्प्रिंगा बसतात. ही माणसं जत्रेच्या आधी महिनाभर दुरुस्ती शोधत असतात आणि पैसे रोख देतात. त्यांना पावर नको असते, उलट कमीच बरी, गर्दी असते. पण हे काम अर्जाचं उत्तर आल्यावरचं. आणि आलेली प्रत्येक बंदूक आधी मोजायची, नळीचा व्यास आणि वेग. वेग मोजायचं यंत्र विकत मिळतं, या लाइनचं पहिलं हत्यार तेच. नंबर, तारीख, मालकाचं नाव, ओळखपत्र, मोजलेला वेग वहीत. मापाबाहेरची निघाली तर हात न लावता परत.

दुसरा गिऱ्हाईक जास्त मोठा, आणि तो आपल्याला दिसतच नाही. शाळा. शालेय क्रीडा स्पर्धांत रायफल शूटिंग आहे. त्यात साध्या ओपन साइटचा गटही असतो, म्हणजे देशी रायफलवर पोरं उतरू शकतात. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन, पुण्याला बालेवाडी ही मोठी ठिकाणं. पण जिल्ह्या-तालुक्यात एखाद्या क्रीडाशिक्षकानं दहा मीटरचा हॉल मिळवला, तर त्याला पुढं काय काय लागतं? छर्रे अडवायची पेटी, लक्ष्य लावायचे स्टँड, रायफल ठेवायचे रॅक, मधल्या जाळ्या. हे सगळं मुंबई-पुण्याहून मागवलं की वाहतुकीतच जीव जातो. आणि यातलं काहीच शस्त्र नाही. पत्रा, अँगल, वेल्डिंग. त्या पोराचं रोजचं काम.

आम्ही छर्रे अडवायच्या पेटीपासून सुरुवात केली. पहिली पेटी चुकली, तेही सांगतो. त्यानं मागं सरळ उभा पत्रा लावला होता. चाचणीला छर्रा आपटून परत आला आणि आमच्या मागच्या भिंतीला लागला. दोघांनीही चष्मे घातले होते म्हणून आज हसून लिहितोय. उभ्या पत्र्यावरून शिसं परत फिरतं. पत्रा तिरका लावावा लागतो, ४५ अंशाच्या आसपास, म्हणजे छर्रा खाली वळून ट्रेमध्ये पडतो. दुसऱ्या पेटीत ३ मिलीमीटरचा पत्रा तिरका, बाजू बंद, खाली काढता येणारा ट्रे. ट्रे काढता यायलाच पाहिजे, कारण आत शिशाची पूड साठते. ती हवेत उडवायची नाही, ओल्या कापडानं पुसायची, आणि पोरांनी नेम धरून झाल्यावर हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. हे पेटीवरच मराठीत रंगवून द्या. शिक्षकांना ते आवडतं, आणि तुमची जबाबदारीही दिसते.

स्टँडची उंची विचारून करू नका, नियमातली करा. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४ मीटर, पाच सेंटीमीटर इकडंतिकडं. एका नेमबाजाला निदान एक मीटर रुंदीची जागा. ही दोन मापं पाठ असलेला फॅब्रिकेटर शाळेत गेला की शिक्षक खुर्ची देतात, चहा सांगतात. मी बघितलंय.

आणि हिशोब. पहिल्या पेटीला ६ तास लागले. पत्रा कापायचे साचे आणि वेल्डिंगचं जिग केल्यावर एक पेटी दीड तासात उतरायला लागली. दीड तासाचे ७५०, माल ९००, रंग आणि पोचवणी १५०. पडली १,८०० ला. वर २५ टक्के, विक्री २,२५०. नगामागं ४५० निव्वळ, आणि स्वतःचा पगार तासाच्या दरात आधीच मिळालेला. दहा पेट्यांच्या ऑर्डरला ४,५००. फार नाहीत, मान्य. पण रात्री दार वाजलं तर दचकायला होत नाही.

कर्ज काढायचं असेल तर पीएमईजीपीच्या प्रकल्प अहवालात हेच लिहा: शीट मेटल फॅब्रिकेशन आणि क्रीडासाहित्य. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि विशेष गटाला ३५ टक्के अनुदान आहे, स्वतःचा वाटा अनुक्रमे १० आणि ५ टक्के. उद्यम नोंदणी फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

लाकडी दस्त्याचं कामही पुढं आहे. आठवीतल्या पोराला मोठ्या माणसाच्या मापाचा दस्ता खांद्याला बसत नाही, मान वाकडी करून नेम धरतो. गालाची पट्टी वर-खाली होणारी आणि मागची पट्टी मागं-पुढं सरकणारी केली तर फरक पडतो. हे खरं कस्टम काम, मापानं शिवलेल्या सदऱ्यासारखं. पण तेही अर्जातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आल्यावर. तोपर्यंत तो लाकडाचे नमुने करून ठेवतोय, सागाचा एक आणि बाभळीचा एक. बाभळीचा जड झालाय.

परवा त्याचा फोन आला होता. शाळेनं चार पेट्या सांगितल्यात, आणि मुख्याध्यापक विचारतायत की निळा रंग मिळेल का. तासाच्या दरात रंगाचा डबा धरायचा की मालात, असा त्याचा प्रश्न होता. मालात, मी सांगितलं. तासाच्या दराचा तक्ता पुढच्या व्हिडिओत भरून दाखवतो, तोपर्यंत आपल्या वर्कशॉपचे पाच आकडे एका कागदावर काढून ठेवा.